थोडं टोचेल हं!
दाताच्या दवाखान्यात माणूस टप्प्याटप्प्याने पोहोचतो. आधी लवंग, मग मेडिकलवाल्याने दिलेली गोळी आणि शेवटी, रात्रभर गाल धरून बसल्यावर, अपॉइंटमेंट. गंमत म्हणजे तिथेही लवंगच भेटते: तात्पुरत्या फिलिंगमध्ये झिंक ऑक्साइडबरोबर बऱ्याचदा युजेनॉल असतं, ते लवंगेच्या तेलातलंच. फरक फक्त बिलाचा.

रूट कॅनॉलची दहशत आता बरीचशी ऐकीव आहे. भुलेच्या लिग्नोकेनची सुई टोचते. पुढचे दोन-तीन तास ओठ परक्याचा वाटतो आणि चहा हनुवटीवरून ओघळतो. (सूज फार असेल तर भूल नीट चढत नाही, म्हणूनच लवकर जायचं असतं, पण कोण जातो?) बारीक फायलींनी मुळातला खराब गर काढून पोकळीत गटापर्चा, म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक, भरतात. खरी कसोटी वेगळीच. तोंडात कापूस, नळी आणि दोन हात असताना डॉक्टर विचारतात, "मुलगा कुठल्या कॉलेजला?"

नंतर दोन-चार दिवस ठणका राहू शकतो. तो थांबला की पेशंटही गायब. त्या दातावर बसवायची कॅप आठवते ती दात चिरल्यावर.

दात सरळ करणाऱ्या तारांचं गणित संथ. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो, कारण एका बाजूचं हाड विरघळून दुसरीकडे नवं तयार व्हावं लागतं. म्हणून दीड-दोन वर्षं. लग्न पाच महिन्यांवर आल्यावर येणाऱ्या नवरदेवाला हे पटवणं कठीण. तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर डबीत सुखाने नांदतो आणि दात हळूहळू माहेरी निघतात.