तिसावे अण्णा

संगमनेरात कौशल्याचा वर्ग कसलाही निघो, उमेदवार एकोणतीसच मिळतात आणि तीस झाल्याशिवाय बॅच काही सुरू होत नाही. मग नवीन नगर रोडवरच्या कुठल्याशा दुसऱ्या मजल्यावरून संचालक फोन लावतात आणि सुकेवाडीहून अण्णा मोटारसायकलला किक मारतात. आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स, चार फोटो, सगळं डिकीत कायम तयार. त्यांचं मूळ आडनाव आता रेशनकार्डापुरतंच उरलंय. गाव त्यांना तिसावे म्हणतं. एका नव्या शिक्षकाने तर हजेरी घेताना 'तिसावे म्हणजे कुठले हो तुम्ही, जुन्नरकडचे का?' असंही विचारलं होतं.

अण्णांची फाईल म्हणजे सरकारच्या कौशल्य धोरणाची बखर. पहिलं पान आयटीआयचं, ट्रेड वायरमन. त्यामागे 1961च्या कायद्याखाली सातपूरच्या एका कारखान्यातली शिकाऊ उमेदवारी. वर्ष संपलं तसा कारखान्याने त्यांना चहा पाजला आणि पुढचा शिकाऊ घेतला. मग 'ट्रायसेम' योजनेतलं शिवणकाम. 2001 साली एमएस-सीआयटी आली. सरकारी नोकरीला ती लागते म्हटल्यावर सगळा तालुका रांगेत उभा राहिला, अण्णा सर्वांत पुढे. पण माऊसवर हात बसेपर्यंत नोकरीचं वय उलटून गेलं होतं.

2009च्या धोरणात 2022पर्यंत 50 कोटी लोकांना कुशल करायचं ठरलं. हे अण्णांनी फारच मनावर घेतलं. 'त्यातले सात-आठ तर मी एकट्याने भरून दिले,' असं ते पारावर सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. 2015ला प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. टी-शर्ट, टोपी, बॅग मिळू लागली. तिच्यातच एक सोय होती. काम आधीपासून येत असेल, तर थोडक्यात उजळणी, परीक्षा आणि प्रमाणपत्र. अण्णा प्लंबर म्हणून बसले, पास झाले, खात्यात 500 रुपये जमा झाले. त्या पैशांतून त्यांनी घरचा गळका नळ दुरुस्त करून घेतला. ज्याने केला त्याच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं.

अण्णांना लबाड म्हणावं, तर तसंही नाही. प्रशिक्षण केंद्राला डोकी हवी असतात आणि अण्णांकडे एक डोकं रिकामं असतं. योजनेचे पैसे केंद्राला डोक्यामागे मिळायचे, तेही हप्त्याहप्त्याने: काही बॅच सुरू झाल्यावर, काही प्रमाणपत्र निघाल्यावर, उरलेले उमेदवाराला नोकरी लागल्यावर. अण्णांच्या नावचा शेवटचा हप्ता मात्र आजवर कुठल्याही संचालकाने पाहिलेला नाही.

2023च्या विश्वकर्मा योजनेने त्यांना चटका लावला. दिवसाला 500 रुपये भत्ता, अवजारांना 15,000! सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, शिंपी अशा 18 व्यवसायांची यादी अण्णांनी बोट ठेवून दोनदा वाचली. सगळ्यातलं थोडंथोडं येत होतं, म्हणूनच एकातही बसता येईना. पुढच्या वर्षी राज्याने तरुणांना कामावर शिकण्यासाठी महिना 6,000 ते 10,000 रुपये द्यायचं ठरवलं. अट वयाची, पस्तिशीच्या आत. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

मध्यंतरी एका उद्घाटनाला दिल्लीहून पाहुणे आले. ज्ञानाधारित अर्थव्यवस्थेत माणसाने आयुष्यभर शिकत राहिलं पाहिजे, असं ते म्हणाले, तेव्हा अण्णांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं. पन्नाशी ओलांडलेल्या ह्या माणसाचं म्हणणं अखेर दिल्लीला पटलं होतं.

इतकी वर्षं घर चाललं ते गोठ्यातल्या तीन गाईंवर, म्हणजे वहिनींवर. पहाटे साडेचारला त्या उठतात, धार काढतात, कँड डेअरीत पोचवतात. गाय कधी आटवायची, कासेला हात लावून दगडी कशी ओळखायची, हे त्यांना विचारायला शेजारच्या वस्तीवरून माणसं येतात. अण्णा गाईला लांबूनच नमस्कार करतात. एकदा लाथ बसलेली आहे.

गेल्या साली दुग्धव्यवसायाची बॅच निघाली. या वेळी केंद्राला बाया कमी पडत होत्या, म्हणून अण्णांनी वहिनींचंही नाव दिलं. परीक्षक नाशिकहून टॅब घेऊन आले. प्रश्न आला: गाय धार काढू देत नसेल तर प्रथम काय कराल? अण्णांनी पर्याय नीट वाचले आणि 'पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा' यावर बोट ठेवलं. वहिनी म्हणाल्या, 'साहेब, आधी वासरू सोडायचं. डॉक्टर येईस्तवर ती पान्हा चोरंल.' परीक्षक म्हणाले, वासरू पर्यायांत नाही.

निकाल लागला. अण्णांना ए ग्रेड, वहिनी नापास. त्याच सकाळी डेअरीत त्यांच्या दुधाला 3.8 फॅट लागली होती. पावती अण्णांच्या नावावर निघाली, कारण सभासद ते आहेत.

अण्णांनी प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलं आणि टीव्हीच्या वर लावलं. वहिनींनी भाकरी थापता थापता ते पाहिलं.

'पास झालात ना?' त्या म्हणाल्या. 'मग उद्या पहाटे तुम्हीच बसा धारेला. मी पडले नापास, माझा हात लागून सरकारचं काही चुकायला नको.'

अण्णा हसले, वहिनी हसल्या नाहीत. रात्री नऊच्या सुमारास माझा फोन वाजला.

'कसलीबी चालंल,' पलीकडून अण्णा दबक्या आवाजात विचारत होते, 'पण नाशकात, नगरला, कुठं निवासी बॅच निघतीय का? आज रात्री निघालो तरी पोचंल अशी?'