क्लीनर साइड

आमच्या व्याह्यांनी गाडीचं दार ओढून घेतलं. दार व्यवस्थित लागलं, फक्त दाराची आतली बाजू त्यांच्या मांडीवर आली.

जुलै महिना होता आणि पाऊस धो धो कोसळत होता. मुलीच्या साखरपुड्याची तारीख ठरवायला व्याही साताऱ्याहून आले होते. त्यांना स्वारगेटला सोडायचा आग्रह माझाच. "रिक्षा कशाला? आपली गाडी आहे ना!" असं म्हणताना 'गाडी' या शब्दावर मी जरा जास्तच वजन टाकलं असावं. ते शेजारच्या सीटवर बसले, दाराच्या मुठीला धरून त्यांनी दार ओढलं आणि फट् फट् असे चार-पाच आवाज झाले. राखाडी रेग्झिनची ती सबंध पाटी सुटून काच फिरवायच्या हँडलला लोंबकळू लागली.

व्याही सज्जन माणूस. मी ओशाळून काही बोलणार, तेवढ्यात "राहू द्या, राहू द्या, मी धरतो," म्हणत त्यांनी ती पाटी दोन्ही हातांनी उभी धरली आणि कोथरूड ते स्वारगेट तशीच धरून बसले. दांडेकर पुलापाशी वाहतूक तुंबली तेव्हा त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"गाडी किती सालची म्हणालात?"

"2001."

"छान ठेवलीय."

त्यानंतर स्वारगेटपर्यंत आम्ही दोघंही पावसाबद्दल बोललो.

एकवीस वर्षं ज्या गोष्टीला मी नुसतं 'दार' समजत होतो तिला 'डोअर पॅड' म्हणतात, हे मला दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रीकडून कळलं. दाराचा पत्रा बाहेर आणि हे पॅड आत. पॅड म्हणजे एक हार्डबोर्ड, त्यावर पातळ स्पंज, त्यावर रेग्झिन. मागच्या बाजूला प्लॅस्टिकच्या क्लिपा असतात, त्या पत्र्याच्या भोकांत दाबल्या की पॅड बसलं. आमचा हार्डबोर्ड पाण्याने फुगला होता. चहात बुडवलेली खारी उचलताना तिचं जे होतं तेच क्लिपांच्या भोकांचं झालं होतं.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, आठशे रुपये. कुशनवाल्याकडून नवीन हार्डबोर्ड कापून घेतो, वर रेग्झिन चढवतो, संध्याकाळपर्यंत बसवून देतो."

इथे हा लेख संपायला हवा होता. पण मी चौतीस वर्षं बँकेत काढली आहेत. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय मी आयुष्यात कशाला होकार दिलेला नाही. शिवाय आठशे रुपयांत होणारं काम हे जुगाड असतं, अशी माझी ठाम समजूत होती. मला ओरिजिनल पॅड हवं होतं. व्याह्यांना कळायला हवं होतं की आमच्याकडे वस्तू ओरिजिनल असतात.

पहिलं कोटेशन घ्यायला मी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने संगणकात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, झेन 2006 ला बंद झाली."

"माझी चालू आहे," मी म्हटलं.

त्याने समजुतीच्या स्वरात "एस्टिलोचं बघू का?" असं विचारलं. एस्टिलो नंतर झेनचंच नाव लावून आली खरी, पण ती सगळी निराळी गाडी. आडनाव एक असलं म्हणून कुणी शेजाऱ्याचा सदरा घालत नाही. मी उठून आलो.

दुसरं कोटेशन नाना पेठेत. तिथे ब्रेक लायनर, क्लचप्लेट, हेडलाइट, आरसे, मागाल ते नवं मिळतं. डोअर पॅड म्हटल्यावर मात्र चौथ्या दुकानदाराने मला ज्ञान दिलं. "जे झिजतं ते आम्ही ठेवतो. पॅड झिजत नाही, मग विकायचं कुणाला? ते जुनंच मिळणार, कुणाची तरी गाडी भंगारात निघाल्यावर." मला हे पटलं, आणि 'जुनं' या शब्दासरशी मी रविवारी जुन्या बाजारात हजर झालो. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. दोन तास मी ताडपत्र्यांमधून फिरलो. पॅड मिळालं नाही. एक पितळी अडकित्ता मिळाला. आमच्या घरी सुपारी कुणी खात नाही.

तिथल्याच एका विक्रेत्याने तिसरं कोटेशन सुचवलं, "कुर्ल्याला जा."

निघायच्या आदल्या रात्री बायको म्हणाली, "अहो, ते फुगलेलं पॅड काढून बरोबर न्या. त्याच्यासारखं दुसरं द्या म्हणावं, झालं."

मी हसलो. "अगं, दार काखोटीला मारून डेक्कन क्वीनने जाऊ? लोक काय म्हणतील?"

हे वाक्य मी का बोललो याचा पश्चात्ताप मला चोवीस तासांच्या आत झाला.

सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने दादर, तिथून लोकलने कुर्ला. सीएसटी रोडवर पाय ठेवला आणि गाडी म्हणजे शेवटी काय, हे लख्ख दिसलं. एका दुकानात नुसती बॉनेटं, वाचनालयात पुस्तकं लावावीत तशी उभी रचलेली. दुसऱ्यात स्टिअरिंगच्या माळा. तिसऱ्यात बंपरांची मोळी. ज्या गाड्यांना कुणी पेढे वाटून, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून घरी आणलं असेल, त्यांची इथे वाटणी झालेली होती.

दुकानदाराने विचारलं, "हँडल या पावर?"

या परीक्षेची तयारी मी करून गेलो होतो. आमची एलएक्स, काचा हाताने फिरवायच्या. बटणाच्या काचांच्या व्हीएक्सआयचं पॅड चालणार नाही, त्याला हँडलचं भोक नसतं. शिवाय 2003 साली झेनचं रूप बदललं, तेव्हा त्याआधीचं हवं. रंग राखाडी, बेज नको. मी हे सगळं एका दमात सांगितलं. दुकानदार प्रभावित झाला असं मला वाटलं.

"डायवर साइड या क्लीनर साइड?"

"आमच्या गाडीला क्लीनर नाही," मी म्हटलं.

त्याने दीर्घ श्वास घेतला. "लेफ्ट या राइट?"

"लेफ्ट."

"बैठ के लेफ्ट या खडा रह के?"

हा प्रश्न माझ्या अभ्यासक्रमात नव्हता. मी डोळे मिटले. मनातल्या मनात पार्किंगमध्ये गेलो आणि रोज सकाळी काच पुसायला उभा राहतो तसा गाडीच्या तोंडासमोर उभा राहिलो. व्याह्यांना आत बसवलं. ते माझ्या उजव्या हाताला दिसले. मी डोळे उघडले आणि शास्त्रशुद्ध उत्तर दिलं, "खडा रह के राइट."

दुकानदाराने त्यातला शेवटचा शब्द उचलला आणि माळ्यावरच्या पोराला ओरडून सांगितलं, "झेन का राइट उतार!"

शाळेत गणिताचे मास्तर म्हणायचे, प्रत्येक पायरी बरोबर असली तरी उत्तर चुकू शकतं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. 'जिथे आमचे व्याही बसतात ते' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

पॅड खाली आलं. मी ते दाबून पाहिलं, वाजवून पाहिलं, ओल आहे का म्हणून हुंगूनसुद्धा पाहिलं. हार्डबोर्ड खणखणीत, रेग्झिनवर ओरखडा नाही. पंधराशेवरून घासाघीस करत नऊशेला आणलं. कोणत्या बाजूचं आहे एवढंच तपासायचं राहिलं.

संध्याकाळी सीएसएमटीला पाच दहाच्या डेक्कन क्वीनमध्ये मी आणि पॅड चढलो. वरच्या फळीवर ते मावेना, खाली ठेवावं तर लोक पाय देतील. शेवटी मांडीवर उभं धरून बसलो, अगदी व्याह्यांसारखं. डब्यातल्या पासधारकांनी थोडा वेळ सभ्यतेने दुर्लक्ष केलं. कल्याणच्या पुढे एकाने सुरुवात केली.

"दार आणलंत. गाडी कधी आणणार?"

"हप्त्याहप्त्याने नेतायत," दुसरा म्हणाला.

समोरच्या बाईंनी कटलेट संपवून कागदाचा बोळा पॅडच्या कप्प्यात टाकला आणि मग दचकून "अय्या, सॉरी हं!" म्हणत काढून घेतला. तिकीट तपासनिसाने माझं तिकीट पाहिलं, पॅडकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेला. तो काही बोलला असता तर बरं वाटलं असतं.

कर्जत सुटल्यावर खिडकीपाशी बसलेले एक शांत गृहस्थ प्रथमच बोलले. "ड्रायव्हर साइडचं ना?"

माझ्या पोटात खड्डा पडला. पण पुण्याच्या माणसाला गाडीत दहा लोकांसमोर 'माहीत नाही' म्हणता येत नाही. "हो," मी म्हटलं, "मुद्दाम तेच शोधत होतो." बाहेर बोरघाटातले धबधबे कोसळत होते. सगळा डबा खिडक्यांना चिकटला होता. मी एकटाच पॅडकडे पाहत हँडलचं भोक पुढे येतं की मागे, याचा हिशेब करत होतो.

स्टेशनवर रिक्षावाल्याने दाराचे वेगळे पैसे घेतले. घरी न जाता मी थेट पार्किंगमध्ये शिरलो आणि मोबाइलच्या उजेडात नवं पॅड जुन्याशेजारी धरलं. हँडलचं भोक नेमकं विरुद्ध टोकाला. पॅड फिरवावं तर रेग्झिन आत आणि हार्डबोर्ड बाहेर. उलटं करावं तर कप्प्याचं तोंड जमिनीकडे. मी ते चारही प्रकारे धरून पाहिलं. मग बायको खाली आली. तिने दोन्ही पॅडं पाहिली आणि विचारलं, "आता व्याह्यांना ड्रायव्हर करायचं का?"

दुसऱ्या दिवशी निदान जुनं पॅड आपण स्वतः काढू, म्हणून मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. काचेचं हँडल निघेना. त्याला स्क्रू दिसेना. अर्ध्या तासात मी रेग्झिनला तीन भोकं पाडली आणि मिस्त्रीला फोन लावला.

तो आला. खिशातून फडकं काढलं, हँडलच्या मागे सरकवलं आणि बूट पॉलिश करावेत तसं दोन्ही टोकांनी मागेपुढे ओढलं. टिंग! घोड्याच्या नालेसारखी एक बारीक तारेची क्लिप उडून बाहेर पडली, हँडल हातात आलं, पॅड सुटलं. एकूण वेळ, दहा सेकंद.

आत दाराच्या पत्र्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला होता. म्हणजे अर्धा होता, उरलेला फाटून लोंबत होता.

"हे बघा," मिस्त्री म्हणाला. "काचेवरून पाणी दारात उतरतंच. रबर सगळं नाही अडवत. ते उतरावं आणि खालच्या भोकांतून निघून जावं, अशीच दाराची रचना असते. पॅड भिजू नये म्हणून मध्ये हा कागद. हा फाडला कुणी? स्पीकर बसवले होते का?"

बसवले होते. 2009 साली, रस्त्याकडेच्या एका माणसाकडून, मी समोर उभा राहून. कागद मध्ये येतोय असं तो म्हणाला, तेव्हा "फाड की मग" असं म्हणणारा आवाज माझाच होता. ते स्पीकर दोन वर्षांत बंद पडले.

मग मिस्त्रीने खराट्याची एक काडी मागितली आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांत खुपसली. चिखल, कुजलेली पानं आणि मागोमाग तांब्याभर गढूळ पाणी माझ्या चपलेवर आलं. म्हणजे आमच्या दारात एक छोटं धरण होतं आणि व्याही त्याच्या काठावर बसून स्वारगेटला गेले होते.

शेवटी मिस्त्रीने माझं कुर्ल्याचं पॅड उचललं, मागची बाजू पाहिली आणि खूश झाला. "वा साहेब, माप झकास मिळालं! हे पालथं घातलं की लेफ्टचं माप तयार. कुशनवाला यावरून बरोबर कापेल."

मला जरा हुरूप आला. "म्हणजे नऊशे रुपये अगदीच वाया गेले नाहीत."

"तसं नाही," तो संकोचून म्हणाला. "माप तर तुमच्या गाडीतच होतं. तुमच्या बाजूच्या दाराला."

हिशेब असा. पॅड 900, प्रवास आणि खाणं 460, दारासह रिक्षा 140, एकूण 1500. त्यातून काहीच झालं नाही. कुशनवाला 700, प्लॅस्टिकचा कागद 40, क्लिपा 60, एकूण 800. त्यात सगळं झालं. म्हणजे पहिल्या दिवशी मिस्त्रीने सांगितलेलेच आठशे. अडकित्ता यात धरलेला नाही, तो बायकोला अजून माहीत नाही.

साखरपुड्यानंतर व्याह्यांना मी पुन्हा स्वारगेटला सोडलं. दार ओढलं, लागलं, पॅड जागचं हललं नाही. तरी दांडेकर पूल ओलांडेपर्यंत त्यांनी डावा हात त्यावर अलगद टेकवून ठेवला होता. मी काही बोललो नाही. तेही नाही.

वाचकहो, तुमची गाडी कितीही नवी असो, मे संपायच्या आत चारही दारं उघडा, वाकून तळाची भोकं शोधा आणि त्यांतून खराट्याची काडी फिरवा. काडी कोणत्याही साइडला चालते.