चिरेवर रंग फासणाऱ्या मिस्त्रीस

मिस्त्री, नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम’ लिहायची रीत आहे. ते मी लिहिलेलं नाही, आणि का ते तुम्हाला कळायला हवं.

गेल्या दिवाळीआधी मी तुमच्या शेडमध्ये 1974ची बुलेट घेऊन आलो होतो. साइड स्टँडचा फ्रेमवरचा कान हलत होता. तुम्ही म्हणालात, “किरकोळ आहे, चहा पिऊन या.” पंधरा मिनिटांत मी परत आलो तर वेल्डिंग झालेलं. टाकी उतरवलेली नव्हती, बॅटरीची वायर सोडलेली नव्हती, आणि कानावर काळा रंग अजून ओला होता. दोनशे रुपये घेतलेत. “आता बघायचं काम नाही,” हे तुमचे शब्द.

परवा किराणा दुकानासमोर गाडी स्टँडला लावली आणि वळलो. कट्‌कन आवाज झाला. दीडशे किलोच्या वरची गाडी डावीकडे आडवी झाली, तेव्हा माझी सहावीतली पुतणी तिथेच चपलेचा पट्टा लावत वाकली होती. तिचा पाय आणि टाकी यांत वीतभर अंतर राहिलं. क्लचचा दांडा मोडला, टाकीला पोचा पडला. ते भरून निघेल. त्या वीतभर अंतराचा विचार आला की अजून हात गार पडतात.

मोडलेला कान आणि गाडी घेऊन मी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी रॉकेलने सगळं धुतलं, वायर ब्रशने घासलं. मग चिरेवर पुन्हा रॉकेल चोळलं, फडक्याने कोरडं केलं आणि वरून खडूची पूड भुरभुरली. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळी रेघ उमटली. आत मुरलेलं रॉकेल चिरेतून वर येत होतं. ती रेघ तुमच्या टाक्याच्या कडेने निघून फ्रेमच्या नळीवर दोन बोटं पुढे गेली होती. म्हणजे कान तुटला एवढंच नव्हतं. नळीही जायच्या वाटेवर होती.

त्यांनी ग्राइंडर लावला. आधी तुमचा रंग निघाला, मग एम-सील, मग तुमच्या वेल्डिंगचा गोळा, गंज आणि त्याच्या खाली पिवळं पितळ. पूर्वी कधीतरी कुणी तो कान पितळेने सांधला होता. त्याच पितळेवर तुम्ही आर्क चालवलात! वितळलेलं पितळ तापलेल्या पोलादाच्या कणांमध्ये शिरतं आणि सांधा आतून ठिसूळ करतं. वेल्डिंगवर पोट भरणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याने शिकावं. ठाऊक असूनही केलं असेल, तर त्याने रॉड हातात धरू नये.

आणि कान मुळात चिरतो कशाने? स्टँडचा पाय फूटभर लांब आणि कान दोन बोटांचा. खालच्या टोकावरचा भार वर तरफेसारखा वाढून येतो. बोल्ट ढिला असेल तर भोक लांबट होतं, आणि गाडी टेकवताना दरवेळी हातोडीसारखा ठोका बसतो. त्यात गाडी स्टँडवर ठेवूनच किक मारायची सवय. वडिलांनी मला ॲमीटरचा काटा मध्ये आणून, डीकॉम्प्रेसर दाबून किक किंचित पुढे सरकवून, तो सोडून मग किक मारायला शिकवलं तेव्हा पहिली अट घातली होती: आधी स्टँड वर. तुमच्या शेडमध्ये मात्र तुमचा पोरगा साइड स्टँडवरच्या गाडीवर बसून किका मारत होता आणि तुम्ही बघत होतात. त्याला कोण शिकवणार?

म्हाताऱ्या मिस्त्रींनी टाकी उतरवली, बॅटरी सोडली, अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावला. चिरेच्या शेवटच्या टोकाला 3 मिलिमीटरचं भोक पाडलं, कारण टोक अणकुचीदार राहिलं तर चीर तिथूनच पुढे धावते. पितळेचा शेवटचा पिवळा ठिपका जाईपर्यंत घासलं, खाच केली, थोडं थोडं थांबत भरलं, आणि मागून तिरकी पट्टी जोडली. तापलेल्या सांध्यावर मी पाणी ओतायला गेलो तर माझा हात धरला. “आपला आपण गार होऊ दे.” दिवस मोडला, नऊशे रुपये झाले. निघताना म्हणाले, “रंग आठ दिवस लावू नका. चीर आली तर दिसली पाहिजे.”

मिस्त्री, माझा राग दोनशे रुपयांचा नाही. काम जमणार नाही म्हणाला असतात तर मी तुमचे आभार मानून गाडी ढकलत नेली असती. तुम्हाला चीर दिसली होती. दिसली म्हणूनच तुम्ही तिच्यावर एम-सील भरलंत आणि रंग मारलात. अडाणीपणाला माफी आहे, या झाकण्याला माझ्याकडे नाही.

तुमच्या शेडबाहेर त्या दिवशी आणखी तीन जुन्या गाड्या होत्या. एकीच्या हँडलला शाळेचं दप्तर अडकवलेलं. त्यांच्या मालकांना तुम्ही ओळखता. त्यांना बोलवा, रंग खरवडा आणि खडू लावून बघा. रॉकेल आणि खडू मी आणून देतो. कापून काढलेला तुमचा टाका, पितळेसकट, माझ्याकडे डबीत आहे. तोही घेऊन येतो.

1974ची बुलेट घेऊन आलेलं,
तुमचं गिऱ्हाईक