शटर पडलं, की चित्र सुरू

दुकान चालू असतं तेव्हा चित्रकार तिकडे फिरकत नाहीत. फिरकले तरी बनियन घ्यायला. पण एकदा का ‘स्टॉक संपेपर्यंत’चा फलक लागला, की त्यांना तिथे अवकाश, पोकळी आणि भांडवलशाहीचा अंत असं सगळं एकाच मजल्यावर दिसू लागतं.

२०२२च्या फेब्रुवारीत रिलायन्सनं बिग बझारची दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. पाट्या बदलल्या, आत पुन्हा तांदूळ आणि तीच झुंबड. कला व्हायला वेळच मिळाला नाही.

खरं तर शटरला मान आधीच मिळालाय. घाटकोपरच्या अतुल दोडियांनी दुकानांसारख्या लोखंडी शटरांवर चित्रं काढली आणि ती थेट कलादालनांत पोचली. काम अस्सल, अडचण आहे ती मागून रांग लावणाऱ्यांची.

आता पनवेलनं तयारीत राहावं. २०१६ साली महापालिका झाली, क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, शेजारी विमानतळही आला. उणीव आहे ती एका सुंदर दिवाळखोरीची. समजा, इथलं एखादं तीनमजली दुकान बसलं. हात निखळलेला पुतळा म्हणजे लगेच ‘नागर एकाकीपण’. रिकामे हँगर म्हणजे मांडणशिल्प. त्यांना हात लावायचा नाही, कालपर्यंत लावला तरी चालत होतं. काउंटरवरची मुलगी थकलेल्या पगाराचं विचारते, तर चित्रकार तिला ‘साक्षीदार’ म्हणून खिडकीपाशी उभी करतो. उभं राहण्याचे पैसे नाहीत. पुतळ्यालाही दिलेले नाहीत म्हणा.