12139 म्हणजे कोण?

मामाला छळण्याचे नवनवे मार्ग शोधणं हे शिकलेल्या भाच्यांचं कर्तव्यच असतं. ताजा मार्ग म्हणजे गाडीचा नंबर कळवणे. माझ्या भाच्यानं मुंबईहून निघताना एवढंच पाठवलं : ‘12139 ने येतोय. बडनेऱ्याला घ्यायला या.’ मुंबईहून येणारा शहाणा माणूस विदर्भ एक्स्प्रेसनेच येतो, या समजुतीत मी पहाटे स्कूटर काढली. विदर्भ आली, गेली. भाचा उतरला नाही, कारण तो रात्रीच उतरून पलीकडच्या बाकावर बॅग उशाला घेऊन घोरत होता. चहावाल्याला मोबाइल दाखवला तर तो म्हणाला, “आकडे कायले दाखवता भाऊ? सेवाग्राम म्हना ना. थे तं रातीच गेली.”

नंबरवाल्यांचीही बाजू आहे आणि ती आमच्या शेजाऱ्यांना तोंडपाठ आहे. पहिला आकडा 1 म्हणजे लांब पल्ल्याची, पुढचा 2 म्हणजे सुपरफास्ट, मग 1 म्हणजे मध्य रेल्वे. 12111 मुंबईहून अमरावतीला येते, 12112 अमरावतीहून मुंबईला जाते. महाराष्ट्र एक्स्प्रेस 11039, म्हणजे ती सुपरफास्ट नाही, हे नुसत्या नंबरावरून कळतं. आमचं म्हणणं एवढंच, की त्यासाठी नंबर लागत नाही. तिच्यात बसलं की कळतं.

शिवाय नंबर म्हणे पक्का असतो. डिसेंबर 2010 मध्ये चार आकड्यांचे पाच झाले, विदर्भ 2105 ची 12105 झाली. करोनात सगळ्या गाड्या ‘स्पेशल’ ठरल्या आणि विदर्भच्या कपाळी आधी शून्य आलं. पुढे 2021 च्या अखेरीस ते पुसलं. या सर्व काळात बडनेऱ्यात लोक ‘विदर्भ आली का?’ एवढंच विचारत होते. जुने नंबर कुणालाच पाठ नव्हते, त्यामुळे विसरण्याचीही तोशीस पडली नाही.

नावांतही खोट आहे, हे मान्य करतो. ‘अमरावती एक्स्प्रेस’ नावाची आणखी एक गाडी आंध्रातून हुबळीला जाते. तिची अमरावती निराळी, ती बडनेऱ्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. इथे नंबरानं वाद मिटतो, हा नंबरवाल्यांचा एकमेव विजय मी मोठ्या मनानं नोंदवतो.

पण 12859 म्हटल्यावर काय आठवतं? काही नाही. गीतांजली म्हटलं की 1977 सालचे रेल्वेमंत्री मधु दंडवते आठवतात आणि सुरू झाली तेव्हा या गाडीत वरचा वर्गच नव्हता, हेही आठवतं. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी ती नॅरोगेजची चिमुकली गाडी घ्या. कागदावर ती ब्रिटिश कंपनीची मालमत्ता होती. तिला नंबरही असणारच. लोकांनी तिला शकुंतला म्हटलं. ती बंद पडल्यावर वऱ्हाडात हळहळ झाली ती शकुंतलेसाठी. नंबरासाठी रडलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

आता माझ्या बाजूला छेद देणारी एक गोष्ट, प्रामाणिकपणे. बडनेऱ्याजवळून जाणारा हमरस्ता आमच्याकडे ‘सहा नंबर’ म्हणूनच ओळखला जायचा. सरकारनं महामार्गांची नवी क्रमवारी लावली आणि त्याचा 53 झाला. जून 2022 मध्ये याच रस्त्यावर, अमरावती-अकोल्याच्या दरम्यान, 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत उरकून गिनीज बुकात नोंद झाली. नोंद 53 ची झाली. आमच्या नाक्यावरचा पंक्चरवाला मात्र अजून पत्ता सांगताना म्हणतो, “सहा नंबरनं सीदे जा.” म्हणजे नंबरसुद्धा वऱ्हाडात टिकायचा तर आधी त्याचं नाव व्हावं लागतं.

भाच्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि परवा निरोप धाडला : ‘मामा, विदर्भने येतोय.’ कोणत्या तारखेच्या, ते लिहिलेलं नाही.