गहाळ झाला असेल!

लोकलच्या गर्दीत खिशातला मोबाइल गेला की माणूस आधी चोराला शिव्या घालतो आणि मग हद्द शोधतो. डब्यात गेला तर रेल्वे पोलीस, स्टेशनबाहेर गेला तर शहर पोलीस. नेमका कुठे गेला हे कळलं असतं तर गेलाच कशाला असता?

पोलीस ठाण्यात अंमलदार मायेने विचारतात, ‘चोरताना पाहिलंत का?’ ‘नाही.’ ‘मग गहाळ लिहू या.’ झालं! गहाळ वस्तूला आरोपी नसतो, तपास नसतो आणि ठाण्याच्या आकडेवारीत गुन्हाही वाढत नाही.

तसा कायदा फिर्यादीच्या बाजूने आहे, बरं का. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच बजावलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचं कारणही चालत नाही. ऑनलाइन खबरही देता येते; फक्त तीन दिवसांत सही करावी लागते.

मोटारसायकल चोरीला गेली की मात्र हाच माणूस धावत ठाणं गाठतो. गाडी मिळेल म्हणून नव्हे, विमा कंपनीला एफआयआरची प्रत लागते म्हणून.

मंगळसूत्र हिसकावलं गेलेल्या बाईंना तेवढीही सोय नाही. ‘दागिन्याची पावती?’ सासूबाईंनी लग्नात घातलेल्या सोन्याची पावती कुठून आणायची? आणि घरचे समजूत घालतात, ‘जाऊ दे, तू पडली नाहीस हेच नशीब. कोर्टाच्या तारखांना कोण जाणार?’