शिवारात आडोसा कुठे आहे?

वीज पडून माणूस मेला की बातमी चार ओळींची येते. गाव, तालुका, वय आणि 'पावसामुळे झाडाखाली उभे होते'. ते झाडाखाली का उभे होते, ही पाचवी ओळ कुणी लिहीत नाही. उभं राहायला दुसरं काही नव्हतं म्हणून.

देशात २०२२ या एका वर्षात विजेने २,८८७ माणसं मारली. नैसर्गिक आपत्तींत त्या वर्षी जे गेले, त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक. पूर, थंडी, ऊन, कुठल्याच एका कारणाने इतके बळी घेतले नाहीत. पण वीज एकेकाला, दोघादोघांना गाठते. एका जागी शंभर प्रेतं पडत नाहीत, म्हणून मंत्र्यांचा दौरा नाही, चौकशी नाही. मेलेली माणसं बहुतेक शेतात राबणारी, गुरं राखणारी. त्यांच्यासाठी 'दैव' हा शब्द आपल्याकडे तयारच असतो. मला तो शब्द मान्य नाही.

कोकणातला मे पाहा. आगोटीचा, पावसाआधीच्या तयारीचा महिना. पेंढा आत घ्यायचा, लाकूडफाटा रचायचा, कौलं परतायची, बांध घालायचे, राहिलेला आंबा उतरायचा. सगळी कामं उघड्यावर, आणि बरीचशी दुपारी ऊन कलल्यावर. ढगाची वेळही तीच. सकाळपासून जमीन तापलेली असते, समुद्रावरचे दमट वारे घाटाला अडून वर चढतात आणि तिसऱ्या प्रहरी सह्याद्रीच्या माथ्यावर बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्याच्या पोटात बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळत राहतात, विद्युतभार साचत जातो. वरच्या थरातला वारा पूर्वेचा असला की तो ढग खाली कोकणात उतरतो. डोक्यावर अजून ऊन असतं, पण गडगडाट कानावर आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलो. पहिल्या थेंबाची वाट बघत 'एवढा भारा टाकून जाऊ' म्हणणारी बाई तिथेच सापडते.

त्यातून रत्नागिरीकडचे सडे. मैलभर जांभा दगड, त्यावर गवत. ना घर, ना भिंत. त्या सपाटीवर सगळ्यांत उंच वस्तू कोणती, तर गुरांमागे उभा असलेला गुराखी. आंब्याच्या बागेत हातात लांब दांडीचा झेला घेऊन झाडावर चढलेला गडी. बागांची राखण करणारे नेपाळी कामगार झाडांमधल्याच पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. मोबाइलवर आलेली मराठी सूचना त्यांतल्या कितीजणांना वाचता येते, हे बागमालकांनी कधी विचारलं आहे का?

सूचना येते, हे खरं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आपल्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत वीज होते आहे का ते सांगतं. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा इशारा देतं. हे काम मोलाचं आहे आणि त्यामागच्या शास्त्रज्ञांचं ऋण मानायला हवं. पण इशाऱ्याचं शेवटचं वाक्य असतं, 'सुरक्षित ठिकाणी आश्रय घ्या'. त्या वाक्यापाशी यंत्रणेचं काम संपतं आणि शेतकऱ्याची धावपळ सुरू होते. धावायचं कुठे?

झाडाखाली नाही. झाडावर पडलेली वीज बुंध्यापाशी उभ्या माणसावर उडी घेते, मुळांजवळच्या जमिनीतूनही पसरते. गुरं झाडाखाली एकदम चार-पाच मरतात ती याचमुळे. पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून जमिनीतला प्रवाह त्यांच्या अंगातून जातो. शेतातल्या मांगरातही नाही. तिथे पाऊस चुकतो, वीज चुकेलच असं नाही. उघड्या एसटी थांब्याचीही तीच गत. चारी बाजूंनी बंद पक्की इमारत, नाहीतर काचा वर केलेली बंद गाडी. एसटी बस चालते, दुचाकी चालत नाही. शिवारात यांतलं काय आहे?

शहरानेही स्वतःला वेगळं समजू नये. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईत असाच वळीव आला. घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचा जाहिरात फलक कोसळला, १७ माणसं गेली. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. त्या मृतांत पावसापासून बचावायला पंपाच्या छपराखाली थांबलेले लोकही होते. वादळाने मारलं, असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणू नये.

महाराष्ट्राने वीज कोसळणं राज्याच्या आपत्तींच्या यादीत घेतलं, हे योग्यच केलं. पंचनामा होतो, शवविच्छेदनाचा अहवाल जोडला जातो, वारसांना चार लाख मिळतात. ती मदत हवीच. पण वाडीतल्या शाळेवर वीजरोधक बसवून त्याची तार नीट जमिनीत उतरवायला एका मृत्यूच्या मदतीहून कमी पैसे लागतात. मेल्यावरच्या पैशाला शासन निर्णय आहे, तसाच जिवंतपणीच्या भिंतीलाही हवा. बांगलादेशात २०१६ च्या मे महिन्यात काही दिवसांत कित्येक माणसं विजेने गेली, तेव्हा तिथल्या सरकारने वीज ही आपत्ती जाहीर केली आणि लाखो ताडाची रोपं लावायला घेतली. ताड उंच व्हायला वर्षं लागतात, आपण त्याची नक्कल करू नये. भिंत एका उन्हाळ्यात उभी राहते.

एक गोष्ट आजच सांगायला हवी. वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर धक्का बसत नाही. त्याचं हृदय थांबलं असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी आणि १०८ ला फोन लावावा. लांब उभं राहून बघत बसण्यात वाचणारी माणसं जातात.

आणि या मेसाठी एवढं तरी करा. वाडीत पक्की म्हणावी अशी इमारत बहुधा एकच असते, जिल्हा परिषदेची शाळा. नेमक्या विजा कडाडतात त्या मे महिन्यात सुट्टी असल्याने तिला कुलूप असतं. ग्रामसभेने ठराव करावा: वळवाच्या दिवसांत दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंत शाळेची एक खोली उघडी राहील. किल्ली पोलीस पाटलाकडे, दुसरी शाळेला लागून असलेल्या घरात. दोघांचे नंबर दारावर रंगवून. रोहिण्या लागायच्या आत.